आई-बाबा, दोन पोरं आणि ब्लूमफिल्ड ट्रॅक: जावं की न जावं?

मधुरा_ब्रिस्बेन | १२ मे २०१९

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढलाय, सांभाळून घ्या.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत विमानाने केर्न्स (उत्तर क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया), तिथून भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह, डेन्ट्री नदी ओलांडून केप ट्रिब्युलेशनला तीन रात्री तंबूत, आणि तिथून ब्लूमफिल्ड ट्रॅक या कच्च्या रस्त्याने कुकटाउन, असा आमच्या घरधन्यांचा बेत आहे. पोरं ११ आणि ७ वर्षांची. देवरुखहून आई-बाबा आलेत. बाबा ७२, कमरेला पट्टा. आईचे गुडघे.

बाबा एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांना नकाशा दाखवला तर म्हणाले, "रस्ता आहे ना? मग गाडी जाईल." आई म्हणते, जमिनीवरच झोपायचं होतं तर विमानात वीस तास कशाला काढले, मागीलदारी चटई टाकली असती.

तर प्रश्न असा: पूर्ण ट्रॅक करावा, की केप ट्रिबला डांबर संपतं तिथूनच माघारी फिरावं? म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुणी गेलंय का?

शेंगदाणा

पहिला! (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

घाटवाट

नावावरूनच ठरवा की. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज तिथल्या प्रवाळावर आपटलं आणि आपल्या सगळ्या विपत्तींची सुरुवात इथूनच झाली म्हणून त्याने त्या टोकाला 'ट्रिब्युलेशन' नाव दिलं. अशा ठिकाणी आई-बाबा आणि पोरं. हलके घ्या.

टायरमामा

दोनदा केलाय, दोन्ही वेळा स्वतःच्या प्राडोने. ट्रॅक लांब नाही, केप ट्रिबपासून वुजल वुजल गावापर्यंत तीसेक किमी. पण ते तीस किमी म्हणजे पुणे-लोणावळा नव्हे. डॉनोवन रेंजचा चढ एकास पाच. त्यापुढे काउई रेंज, तिथे पाटीच लावलीय, एकास तीन. तीन मीटर पुढे जायचं आणि एक मीटर वर. चढताना बॉनेटपलीकडे फक्त आभाळ दिसतं. ट्रेलर, कॅरॅव्हॅन मागे असेल तर विसरा.

कोरडं असेल तर फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर, कमी वेग) टाकून आरामात. ओलं असेल तर जाऊ नका. फोर व्हील ड्राइव्हने गाडी चार चाकांनी पुढे जाते, थांबायला मात्र तेच चार टायर आणि तोच चिखल.

ओढे येतील. पहिलाच एमॅजन क्रीक. कुठलाही ओढा आला की आधी उतरून चालत जाऊन बघायचं, गुडघ्याच्या वर असेल तर परत. हा नियम पाठ करा.

वाशिष्ठी

बाकी सगळं राहू द्या. सत्तरीतल्या बाईला तंबूत झोपवणार? रात्री उठायचं झालं तर? आधी चेन शोधा, मग टॉर्च शोधा, मग चप्पल झटका. आईला खोली घ्या, तुम्ही झोपा काय तो तंबू घालून.

बापू७१

वाशिष्ठीताईंना अनुमोदन. तसेच एस.टी.च्या ड्रायव्हरला 'म्हातारा माणूस' म्हटल्याबद्दल निषेध.

काजवा

मी केर्न्समध्ये राहते, दर वर्षी दोन-तीनदा तिकडे जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

मामा, तुमचा पाठ करायचा नियम बाकी ऑस्ट्रेलियात ठीक आहे. इथे नको. इथल्या नद्या-ओढ्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. डेन्ट्री नदीत तर मगरी दाखवायच्या बोटी चालतात. ओढ्यात उतरून चालत खोली मोजणं म्हणजे आपण होऊन ताटात जाऊन बसणं.

टायरमामा

अगं, मगर काय त्या ओढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघत बसते काय?

काजवा

हो. तेच तिचं काम आहे.

काय करायचं ते सांगते. काठावर थांबा, दुसरी गाडी येऊ द्या. जुलैत अर्ध्या तासात येतेच. ती जाताना तिच्या चाकाला पाणी कुठवर लागतं ते बघा. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, समोरून कुकटाउनकडून आलेली माणसं तिथे भेटतातच. पाणी गढूळ, जोरात किंवा तळ दिसत नसेल तर माघारी. क्वीन्सलँडची सरकारी घोषणाच आहे, पूर आलाय तर विसरा.

तंबू पाण्याच्या कडेपासून किमान पन्नास मीटर लांब. मासे साफ केलेली घाण, उष्टं, काही काठावर टाकायचं नाही. पोरांना समुद्रात उतरवू नका, कितीही निळा दिसला तरी. जेलीफिशचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे, जुलैत तो त्रास कमी. पण किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या दिसतील, त्या सॅलडसाठी नाहीत हे पोरांना सांगून ठेवा.

राष्ट्रीय उद्यानाची नोआ बीचची तंबूची जागा सुंदर आहे, पण बुकिंग आधी लागतं, शेकोटी पेटवता येत नाही, आणि आईंच्या गुडघ्यांना ती जागा नाही. केप ट्रिबला खाजगी तळ आहेत, तिथे केबिन आणि तंबू शेजारी शेजारी मिळतील. नदीच्या उत्तरेला सरकारी वीज नाही बरं का. सगळं सौर पॅनल नाहीतर जनरेटरवर. फोनची रेंजही बऱ्याच ठिकाणी नाही.

शेंगदाणा

"तेच तिचं काम आहे." मामा, इनो घ्या.

टायरमामा

घेतला. मगरीचा मुद्दा मान्य. मी दोन्ही वेळा चाललो होतो, आता रात्री झोप लागणार नाही.

बरं, ओढ्याबद्दल अजून एक, मगर सोडून. चढ-उतार करून गाडीचा डिफरन्शियल (चाकांमधली गिअरपेटी) तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेलाचं ताक होतं. म्हणून काठावर दहा मिनिटं थांबा. दुसरी गाडी येईपर्यंत तसंही थांबायचंच आहे, चहा करा. मग फोर-लो, दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने, मध्ये गिअर बदलायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच तर परत स्टार्टर मारू नका, आत पाणी गेलं असेल तर इंजिनचा निकाल लागतो.

पावट्याची_उसळ

कुणी मुख्य मुद्दा मांडलाच नाही, विमा. आम्ही २०१६ला गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा "हो हो, फोर व्हील ड्राइव्ह आहे, जा कुठेही" म्हणाला. करार वाचला तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, पाण्यातून गाडी नेली तर लागू नाही, गाडीच्या पोटाला मार लागला तर लागू नाही. आमचं नशीब म्हणून काही झालं नाही. ब्लूमफिल्ड ट्रॅक चालेल असं करारात नाव घालून लिहून देणारे भाडेवाले आहेत. महाग पडतात. त्यांच्याकडूनच घ्या.

मधुरा_ब्रिस्बेन

बाप रे, किती छान माहिती! पावट्याची_उसळ, आज फोन केला. आमच्या भाडेवाल्याने ब्लूमफिल्ड म्हटल्यावर सरळ नाही सांगितलं. दुसरा शोधलाय, दिवसाला जवळजवळ दीडपट, पण ट्रॅकचं नाव लिहून देतो. आईसाठी केबिन नक्की. बाबा म्हणतात मी तंबूतच झोपणार.

बाबांना एकास तीनचा चढ सांगितला. ते गप्प बसले आणि मग विचारलं, "मधे एस.टी. आली तर साइड कोण देतो?"

बापू७१

माणूस मला आवडला.

घाटवाट

आता जरा रसभंग करतो. या रस्त्यावरून मजेत जाताना तो कसा झाला हेही माहीत असावं. डिसेंबर १९८३मध्ये केप ट्रिबला बुलडोझर आले, तेव्हा लोक त्यांच्यापुढे आडवे पडले. काहींनी स्वतःला झाडांना बांधून घेतलं, काही गळ्यापर्यंत जमिनीत पुरून घेऊन बसले. एवढ्या तीव्र उतारावर जंगल कापलं की पावसात माती थेट समुद्रात, आणि समोरच प्रवाळ. तरीही पोलीस आणून रस्ता १९८४मध्ये रेटलाच. पण त्या गोंधळामुळे सगळ्या देशाचं लक्ष इकडे वेधलं गेलं आणि १९८८मध्ये तिथलं वर्षावन जागतिक वारसा झालं. समोरचं ग्रेट बॅरियर रीफ १९८१पासून होतंच. दोन वारसास्थळं एकमेकांना खेटून, मधे फक्त वाळूचा पट्टा.

टायरमामा

म्हणजे आम्ही जाऊच नये का? रस्ता झाला, पस्तीस वर्षं झाली. पलीकडच्या वस्त्यांनाही लागतो तो.

घाटवाट

जा की. गाडी गोल गोल फिरवून डोनट मारू नका एवढंच म्हणतोय. पश्चिम घाटालाही २०१२मध्ये वारसा मिळालाय, कास आणि कोयना धरून. तिथे रविवारी आपण काय करतो ते बघितलंय मी.

शेंगदाणा

अ‍ॅडमिन, धागा कासला पोचला. कास पठारावर तरी मगरी नाहीत.

वाशिष्ठी

पावसाचं काय? आमच्या आंबोलीला सात हजार मिमी पडतो, त्याचं आम्हाला कौतुक नाही.

काजवा

वाशिष्ठीताई, केप ट्रिबला साधारण चार हजारच्या आसपास. आंबोलीपुढे आम्ही गरीबच. पण फरक असा की आपला पाऊस जूनमध्ये सांगून येतो आणि सप्टेंबरात निरोप घेतो. इथे डिसेंबर ते एप्रिल मुख्य, पण जुलैतही एखादी रात्र धो धो जाते. तेवढी एक रात्र ट्रॅक बिघडवायला पुरते. म्हणून मधुरा, एक दिवस मोकळा ठेव. ट्रॅक झालाच नाही तर आतल्या बाजूने मरीबा, माउंट मॉलॉय, लेकलँड करत कुकटाउनला पूर्ण डांबरी रस्ता आहे.

आणि झाडांना हात लावू देऊ नकोस. गिंपी-गिंपी म्हणून एक झुडूप आहे, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची मोठी मऊ दिसणारी पानं. त्यावर काचेसारखी सूक्ष्म लव असते, ती कातडीत मोडते आणि काहींना महिनोन्महिने दुखत राहतं. खाजकुइली त्यापुढे गुदगुल्या. चोळायचं नाही. वॅक्सिंगच्या पट्टीने लव उपटून काढतात.

पावट्याची_उसळ

वॅक्सिंगच्या पट्ट्या सामानात. नवऱ्याला कारण सांगायची गरज नाही. :)

मधुरा_ब्रिस्बेन | २३ जुलै २०१९

मंडळी, जाऊन आलो. सगळे धड आहेत. वृत्तान्त मोठा आहे, चहा घेऊन बसा.

डेन्ट्री नदीवर पूल नाही, लोखंडी दोरावर चालणारी फेरी आहे. पाच मिनिटांचा प्रवास. गाड्या रांगेने चढतात, उतरतात. बाबांना दाभोळची आठवण झाली आणि फेरीवाल्याशी बोलायला खाली उतरायला निघाले. गाडीतच बसायचं म्हटल्यावर रुसले.

पलीकडे उतरलो आणि जंगलाने दोन्ही बाजूंनी डोकं घातलं. अर्ध्या तासात पहिला प्रसंग. वळणावर समोरची गाडी थांबलेली, म्हणून आम्हीही थांबलो. रस्त्याच्या मधोमध कॅसोवरी पक्षी. माझ्या खांद्याइतका उंच, निळी मान, डोक्यावर शिंगाचा तुरा, आणि मागे तीन पट्टेरी पिल्लं. पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखं नख, ते डांबरावर टक टक वाजत होतं, काच बंद असूनही ऐकू येत होतं. बाबा पुढे बसलेले. "अरे हॉर्न मार." नवऱ्याने मान हलवली. "मग मी मारतो," म्हणून हात स्टिअरिंगकडे नेला, तो माझ्या मुलीने मागून धरला. चार मिनिटं कोणी हललं नाही. एकतीस वर्षांत बाबा कधी हॉर्न न देता एवढा वेळ थांबले असतील असं वाटत नाही.

मी सांगितलं की हा नर आहे, अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती यानेच. आई म्हणाली, "आणि ती?" म्हटलं, ती अंडी घालून पुढे जाते. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरं करते."

मुक्कामाला आई केबिनमध्ये. बाबा पहिल्या रात्री तंबूत, दुसऱ्या रात्री केबिनमध्ये. कमरेमुळे नाही म्हणे, "तिला एकटीला भीती वाटते."

वाळूवरच्या बारीक माश्यांनी पोटऱ्या फोडून काढल्या. त्यांचा उल्लेख कुणीच केला नव्हता, लक्षात ठेवीन.

आणि उंदीर. तंबूच्या छपरीखाली आईने आणलेला चकल्यांचा प्लास्टिकचा डबा होता, झाकण घट्ट. सकाळी झाकणाला कोयरीएवढं भोक आणि आत चुरा. शेजारच्या तंबूतला माणूस म्हणाला पांढऱ्या शेपटीचा उंदीर, मांजराएवढा होतो, नारळ कुरतडतो, गाडीची वायरिंगसुद्धा सोडत नाही. आईने चुरा बघितला आणि म्हणाली, भाजणी खमंग झाली होती.

आता ट्रॅक. ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री पाऊस आला. सकाळी आकाश लख्ख, नवरा गाडीत बसून तयार. काजवाचा मोकळा दिवस तिथे कामी आला. थांबलो. फॅन पामच्या जंगलातली लाकडी वाट चालून आलो, एका बागेत फणसाचं आइस्क्रीम खाल्लं. आईने दोन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी एमॅजनला पोचलो. चहा केला. मामांनी सांगितलं म्हणून खरंच केला, छोट्या गॅसवर, पाण्यापासून लांब. वीस मिनिटांनी समोरून एक जुनी लँड क्रूझर आली, पाणी चाकाच्या मधल्या बोल्टपर्यंत, तळाचे गोटे दिसत होते. मग आम्ही. मी डोळे मिटले होते, त्यामुळे याहून जास्त वर्णन नाही.

डॉनोवन चढलो, ठीक. काउईच्या उताराला तोंडाशी थांबून नवऱ्याने फोर-लो टाकलं आणि एक बटण दाबलं. बाबा: "हे काय?" त्याने सांगितलं की आता गाडी स्वतःच ब्रेक सांभाळत उतरेल, पाय काढून घेतला तरी चालतं. बाबांनी त्याच्या पायांकडे बघितलं. खरंच दोन्ही पाय मोकळे. "मग तू कशाला बसलायस?"

उतरेपर्यंत एक शब्द नाही. खाली सपाटीला आल्यावर म्हणाले, "आंबा घाटात ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. पाय ब्रेकवर, पण दाबायचा नाही. चाळीस प्याशिंजर मागे." आणि मग, "पण उतरली बाकी छान." हे गाडीला.

वुजल वुजलला नदीवर चांगला पूल झालाय. पुढे हेलनवेलला लायन्स डेन नावाचं १८७५पासूनचं हॉटेल, पत्र्याचं, भिंतीभर लोकांनी नावं लिहिलेली. जेवलो. मग ब्लॅक माउंटन, नुसत्या काळ्याभोर दगडांचा ढीग, कुणीतरी ओतून ठेवल्यासारखा. कुकटाउनला मुलाला कळलं की 'कांगारू' हा शब्द इथल्या गुगू यिमिथिर भाषेतला, कुकच्या लोकांनी १७७०मध्ये जहाज दुरुस्त करताना इथेच ऐकून लिहून घेतला. तेव्हापासून आजीला रोज एक शब्द शिकवतोय. आजी त्याला मालवणी शिव्या शिकवतेय असा संशय आहे.

टायरमामा

दंडवत! चहा केला हे वाचून भरून आलं. काउईचं ते बटण माझ्याही गाडीत आहे, आता लाज वाटतेय.

काजवा

माश्यांबद्दल माफी. आम्हाला आता त्या चावलेल्या कळतही नाहीत.

बापू७१

"हे गाडीला." व्वा. बाबांना माझा नमस्कार सांगा. मी कंडक्टर होतो, गुहागर डेपो.

वाशिष्ठी

फोटो?

मधुरा_ब्रिस्बेन | २१ डिसेंबर २०२३

साडेचार वर्षांनी धागा वर काढतेय.

जॅस्पर वादळ १३ तारखेला वुजल वुजलजवळच किनाऱ्यावर आलं. वाऱ्याने नाही, नंतरच्या पावसाने घात केला. काही ठिकाणी आठवड्याभरात दोन हजार मिमीच्या वर. वुजल वुजलचं सगळं गाव हेलिकॉप्टरने कुकटाउनला हलवलंय. जवळच्या डेगारा वस्तीत लोक छपरांवर बसून होते. लायन्स डेनमध्येही पाणी शिरलं. केप ट्रिबचा डांबरी रस्ताही दरडींनी तुटलाय. देवरुखला फोन केला, बाबांना बातमी सांगितली. त्यांनी विचारलं, "तो पूल राहिला का?" आणि मग, "तिकडची फेरीवाली माणसं?"

काजवा, तुम्ही ठीक आहात ना?

काजवा

आम्ही ठीक. घरात घोटाभर पाणी आलं होतं, ओसरलं. केर्न्सचा विमानतळ पाण्याखाली होता, बातम्यांत बघितलं असेल. वुजल वुजलच्या लोकांसाठी इथे कपडे-अंथरुणं गोळा करतोय.

२०२१मध्ये डेन्ट्रीचं राष्ट्रीय उद्यान पूर्वेकडच्या कुकू यालांजी या मूळ रहिवाशांना परत मिळालं, तेव्हा आम्ही सगळे किती खूश होतो. आता त्यांचंच गाव वाहून गेलं.

घाटवाट

२०२१चा चिपळूणचा पूर आठवला. आमच्याकडे माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू होतं, तो चिखल महिनाभर निघत नाही. काळजी घ्या. मदत पाठवायची असेल तर कशी ते लिहा.

नवखा_प्रवासी | ४ जून २०२५

खूप माहितीपूर्ण धागा. आम्ही ऑगस्टमध्ये जातोय. भाड्याची छोटी हॅचबॅक आहे, पण ग्राउंड क्लिअरन्स चांगला आहे. ब्लूमफिल्ड ट्रॅक होईल का? आणि ओढा आला तर आधी उतरून चालत बघावं का?

टायरमामा

काजवा, तू बोलतेस की मी बोलू?

काजवा

तुम्हीच बोला मामा.

टायरमामा

बाळा, हॅचबॅकने केप ट्रिबला डांबर संपेपर्यंत जा, तेही सरकारी साइटवर रस्ता उघडा आहे ना बघून. आइस्क्रीम खा. आणि धागा पहिल्या प्रतिसादापासून वाच.

शेंगदाणा

पहिला प्रतिसाद माझा आहे. त्यात माहिती नाही.